केबिनमधली ओल आणि निर्दोष खिडकी

वाचकांचे प्रश्न : घर, यंत्र, दुरुस्ती

प्रश्न

स. न. वि. वि.

मी बडोद्यात कारेलीबागेत राहतो. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघा मित्रांनी मिळून मुंबईत एक जुनी शिडाची बोट घेतली. २६ फूट लांब, फायबरग्लासची, केबिनमध्ये चार जण झोपतील एवढी. मे महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं जायचं, दोन दिवस बंदरात शीड चढवून फिरायचं आणि सोमवारी सकाळी बडोद्यात कामावर, असा क्रम होता. पावसाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून टेकूंवर चढवली.

जूनच्या अखेरीस जाऊन दार उघडलं तर केबिनमधून कुबट वास आला. डाव्या बाजूच्या बाकावरची गादी भिजून जड झाली होती, उशीवर काळी बुरशी, आणि बाकाखालच्या खणात चार बोटं पाणी. त्या बाकाच्या वरच खिडकी आहे आणि तिच्या चौकटीच्या खालच्या कडेला थेंब लोंबत होते. लगेच सिलिकॉनची नळी आणली आणि खिडकीला बाहेरून सगळीकडून लावली. पंधरा दिवसांनी गेलो तर पुन्हा तेच. मग आतूनही लावली. पुन्हा तेच. आता एक मित्र म्हणतो खिडकीच बदलू, दुसरा म्हणतो बोटच विकून टाकू. सोबत नऊ फोटो पाठवत आहे. काय करावं?

— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर

सिलिकॉनची नळी आता बाजूला ठेवा आणि खिडकीला हात लावू नका. बोट तर मुळीच विकू नका. तुमचे फोटो मी भिंग घेऊन दोन संध्याकाळी पाहिले. त्यात मला एक नव्हे, दोन गळत्या दिसतात आणि माझ्या मते दोन्हींशी खिडकीचा काही संबंध नाही.

आधी थोडं घरचं सांगतो, कारण गळती शोधायला मी तिथंच शिकलो. दांडिया बाजारात आमचा जुना वाडा होता, वर नळीची कौलं. पावसाळ्यात माजघरात पाणी टपकायचं आणि आजी खाली घंगाळ ठेवायची. वडील मात्र पाऊस चालू असतानाच बॅटरी घेऊन माळ्यावर चढायचे. टपकत होतं माजघरात, पण ओला वासा बोटानं चाचपत ते वर वर जायचे आणि फुटकं कौल सापडायचं थेट देवघराच्या वर, सात-आठ हातांवर. पाणी वाशाच्या पोटाशी चिकटून उतरत आलेलं असायचं आणि जिथं खिळा किंवा गाठ अडवेल तिथं थेंब सोडायचं. पाऊस थांबून वर चढता येईपर्यंत वडील त्या गाठीला सुतळी बांधून तिचं टोक घंगाळात सोडायचे. पाणी मुकाट्यानं सुतळीवरून खाली यायचं, अंथरूण वाचायचं. तुम्हीही आज एवढं करा : थेंब लोंबतो तिथं चिकटपट्टीनं सुतळी लावा आणि टोक बादलीत सोडा.

पुढं मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फायबरग्लासच्या टाक्या बनवण्यात आयुष्य घालवलं. त्यातली मधली सात वर्षं मुंबईत बोटींच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये होतो. टाकी आणि बोट यांत मोठा फरक असा की टाकीची भिंत सहसा एकच असते, तर बोटीचं डेक बहुधा तीन थरांचं असतं : वर फायबरग्लासची पातळ कातडी, खालीही तशीच, आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड. त्याच्याही खाली, थोडी जागा सोडून, केबिनचं अस्तर. या तीन थरांतून कुठं कुठं बोल्ट आणि स्क्रू गेलेले असतात ते मोजा. कठडा, दोर बांधायचे खुंट, दोर ताणायची चरखी म्हणजे विंच, छतावरचा हात धरायचा लाकडी दांडा, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या पट्ट्या. तुमच्यासारख्या बोटीवर सहज शंभरावर भोकं निघतील. प्रत्येक भोक म्हणजे एक फुटकं कौल होऊ शकतं, आणि अस्तराच्या मागची पोकळी म्हणजे आमच्या वाड्याचा वासा.

लाकडाला दोष देऊ नका. नौदलाच्या ज्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली बोटही आतून देवदारासारख्या हलक्या लाकडाची आणि वरून फायबरग्लासची आहे. लाकडापर्यंत पाणी पोचू दिलं नाही तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

आता फोटोंकडे येऊ. चौथ्या फोटोत खिडकीच्या काचेवरून पलीकडच्या बोटीचा कठडा दिसतो. तो सरळ धरला तर तुमची बोट पुढच्या टोकाकडे झुकलेली आहे आणि थोडी डावीकडे कललेलीही. म्हणजे टेकूंवर ती पाण्यात तरंगते तशी बसलेलीच नाही. डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं तुमच्या बोटीला मागच्या बाजूला आहेत. ती आता उंचावर गेली. सहाव्या फोटोत डाव्या डेकवर सुकलेल्या पानांचा आणि मातीचा काळपट पट्टा आहे. तिथं पाणी साचून राहतंय. त्या पट्ट्याच्या मधोमध तारेची स्टीलची पट्टी, म्हणजे चेनप्लेट, डेकमधून खाली गेली आहे. ती थेट तुमच्या ओल्या खणाच्या मागच्या प्लायवूडच्या आडभिंतीवर बोल्टनं कसलेली आहे. चेनप्लेट खिडकीच्या खालच्या पातळीवर आहे. तिथून आलेलं पाणी वर चढून खिडकीतून टपकणार नाही. म्हणून म्हणतो, गळत्या दोन आहेत. खणातलं पाणी चेनप्लेटचं असावं आणि खिडकीच्या थेंबांचा उगम त्याहून वर, छतावर कुठंतरी असावा. हा माझा अंदाज. तो खरा की खोटा हे तुम्ही डोळ्यांनी पाहायचं आहे.

पाण्याचं प्रमाणही लक्षात घ्या. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या बडोद्याच्या दुपटीहून अधिक. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या डेकचं क्षेत्रफळ साधारण १४ चौरस मीटर धरलं तर १०० मिलिमीटरच्या एका दिवसात त्यावर १४०० लिटर पडतात. त्यातला हजारातला एक भाग आत शिरला तरी दीड लिटरच्या जवळपास होतो. गादी भिजवायला तेवढा पुरे. तेव्हा मोठी भेग शोधू नका. केसाएवढी वाट शोधायची आहे.

जाण्याआधी तीन गोष्टींची उत्तरं काढा. पहिली, पिण्याच्या पाण्याची टाकी पूर्ण रिकामी आहे ना? बोट जमिनीवर असल्यानं समुद्राचं पाणी येणं शक्य नाही, पण टाकीची गळती लोक हमखास पावसाच्या नावावर खपवतात. दुसरी, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं थेंब पडतो? शेडच्या रखवालदाराला विनंती करून एक दिवस बघायला सांगा. पाच-दहा मिनिटांत पडला तर वाट जवळची आहे. काही तासांनी पडला तर पाणी अस्तरामागून लांबून येतंय. आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी टपकत राहिलं, तर डेकमधलं लाकूड पाणी पिऊन बसलं आहे, हे सगळ्यांत वाईट. तिसरी गोष्ट, नैर्ऋत्येकडून वाऱ्यासह झोडपणारा पाऊस आणि सरळ पडणारा पाऊस यांत फरक पडतो का? आडव्या पावसाचं पाणी दाराच्या फळ्यांच्या फटींतून आणि हवेच्या झडपांतून शिरतं. डेकवर कितीही पाइप सोडला तरी तसली गळती सापडत नाही.

मग उघडीप मिळाली की सलग दोन दिवस काढून जा. पहिला दिवस फक्त कोरडं करण्यात घालवा. गाद्या बाहेर, खण पुसून काढा, सगळी झाकणं उघडी, पंखा लावा. खिडकीभोवतीचं अस्तर स्क्रूवर असेल तर तेवढा तुकडा उतरवा. त्यामागं तुम्हाला वाळलेल्या पाण्याच्या पांढुरक्या रेषा, गंजाचे तपकिरी ओघळ, पितळ असेल तर हिरवा डाग दिसेल. त्या रेषा बोटानं धरून वर जा. निम्म्या गळत्या मला अशाच, पाण्याचा एक थेंबही न सोडता सापडल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पाणी. इथं घाई करू नका, कळकळीनं सांगतो. आत जागोजागी वर्तमानपत्राचे कागद चिकटवा, किंवा खडूची पूड भुरभुरा, म्हणजे पहिला थेंब कुठून उतरला त्याची वाट उमटेल. एक जण आत बॅटरी घेऊन बसेल, एक जण बाहेर पाइप धरेल. पाइपला तोटी किंवा फवारा लावायचा नाही, पाणी नुसतं वाहू द्यायचं. जोराचं पाणी जिथं पाऊस कधी शिरणार नाही तिथंही शिरतं आणि तुमची दिशाभूल करतं. सुरुवात खालून करा : आधी डेकची कड, मग बाजूचं डेक, मग खिडकी, मग छत. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं घड्याळ लावून. वरून सुरुवात केलीत तर पाणी एकाच वेळी सगळीकडून ओघळेल आणि कुठलं भोक दोषी हे कधीच कळणार नाही. मधल्या वेळात ज्या जागा तपासायच्या नाहीत त्या प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं झाका.

एखाद्या पट्टीचा किंवा खुंटाचा दाट संशय असेल तर त्याच्याभोवती मुलांच्या खेळायच्या मातीची बोटभर उंच पाळ करा, आत खायचा रंग मिसळलेलं पाणी भरा आणि चहा पिऊन या. पातळी खाली गेली की गुन्हेगार सापडला. रंग फार गडद नको. जुन्या डेकवर डाग राहतो.

आणखी एक उपाय आहे, जो मला पाण्याहूनही खात्रीचा वाटतो. केबिनची सगळी झाकणं, झडपा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि एका झाकणाच्या जागी पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरनं आत हवा सोडायची. मग बाहेर प्रत्येक बोल्टच्या बुडाशी भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं लावत जायचं. आतली हवा जिथून निसटते तिथं बुडबुडे येतात, सायकलच्या पंक्चरसारखे. पुठ्ठ्यात थोडी फट राहू द्या, दाब फार वाढता कामा नये. त्याआधी स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर आणि पेट्रोलचा डबा बोटीवरून पूर्ण खाली उतरवा आणि विजेची वायर ओल्या डेकवर लोळू देऊ नका.

सापडल्यावर लगेच काही लावू नका. मला कळवा. आणि टेकू सरळ करायचं काम शेडच्या माणसांकडूनच करून घ्या, स्वतः एकही टेकू हलवू नका. दोन-तीन टन वजन त्यांवर उभं आहे.

त्याच वाचकाचं दुसरं पत्र (ऑगस्ट)

स. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. टाकी रिकामीच होती. खालून सुरुवात केली. डेकची कड, काही नाही. बाजूच्या डेकवर पाणी सोडल्यावर वीस मिनिटांत खणातला कागद ओला, ओघळ चेनप्लेटच्या मागच्या आडभिंतीवरून. तिथलं प्लायवूड काळं पडलं आहे, पण स्क्रूड्रायव्हर रुतत नाही. मग खिडकीवर अर्धा तास पाणी सोडलं. एक थेंब नाही. छतावरच्या लाकडी दांड्यावर पाणी सोडलं आणि बाराव्या मिनिटाला खिडकीच्या खालच्या कडेला थेंब आला! अस्तर उतरवल्यावर दिसलं की दांड्याच्या मागून दुसऱ्या स्क्रूपासून ओघळ पुढं खिडकीच्या चौकटीवर येतो. स्क्रू खिडकीच्या जवळजवळ दीड फूट मागं आहे. आता काय लावू?

उत्तर

शाबास. ज्या मित्राला खिडकी बदलायची होती त्याला हे पत्र नक्की वाचून दाखवा.

आत्ता फक्त तात्पुरतं झाका. दांडा आणि चेनप्लेट दोन्हींवर ताडपत्री, पण बाजूंनी हवा खेळेल अशी, बोटीला गुंडाळल्यासारखी नव्हे. पक्कं काम ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर. दमट हवेत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून कडक होणारी राळ, नीट बसत नाही, वर तेलकट थर येतो. आतलं लाकूडही तोवर सुकायला हवं.

दांडा सोपा आहे. तो काढा, स्क्रूची सगळी भोकं तपासा. प्लास्टिकच्या हातोडीनं किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भोवतालचं छत ठोकून ऐका. टणक आवाज म्हणजे ठीक, भरडा आणि दबका आवाज म्हणजे आत भिजलं आहे. प्रत्येक भोक मोठ्या ड्रिलनं रुंद करा, ओलं लाकूड कोरून काढा, खालून पट्टी लावून घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा. ते कडक झालं की त्याच्या मधून पुन्हा मूळ मापाचं भोक पाडा. आता पुढंमागं वरून पाणी शिरलं तरी त्याला लाकूड भेटणार नाही. भोकाच्या वरच्या तोंडाला थोडी खोलगट उतरण द्या, त्यात ब्यूटाइल टेप गोल वळून बसवा आणि कसा. पत्र्याच्या शेडच्या सांध्यांना लावतात तीच टेप, पण दोन्ही बाजूंनी चिकटणारी, चांदीच्या कागदाची नव्हे. बोल्ट असतील तर बोल्टचं डोकं स्थिर धरून खालची चाकी फिरवा, म्हणजे टेप पिळून निघत नाही. एकदम आवळू नका. थोडं कसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं.

तुम्ही खिडकीला लावलेलं सिलिकॉन मात्र धारदार पात्यानं पूर्ण खरवडून काढा. ते जिथं राहतं तिथं पुढं रंग, इपॉक्सी, काहीच धरत नाही. आणि खिडकीची काच ॲक्रिलिकची असेल, तर पॉलिसल्फाइड नावाचं फटी बुजवायचं सीलंट कधी लावू नका. त्यानं तसलं प्लास्टिक खराब होतं.

चेनप्लेटबद्दल मला तुमची काळजी वाटते, म्हणून इथं थोडं लांब लिहितो. गादी भिजली तर धुता येते. चेनप्लेट तुटली तर डोलकाठी कोसळते. स्टेनलेस स्टील न गंजण्याचं कारण म्हणजे त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकच्या आत, ओल्या लाकडात, खाऱ्या आणि साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही. वर पट्टी आरशासारखी चमकते आणि आत, नेमकी डेकच्या जाडीत, खड्डे आणि भेगा पडत जातात. मुंबईतल्या शेडमध्ये अशी एक पट्टी मी हातानं वाकवून तोडलेली आहे. बाहेरून तिला एक डागही नव्हता, आणि तिचा मालक आदल्याच आठवड्यात मुलाबाळांना घेऊन बंदराबाहेर जाऊन आला होता. तेव्हापासून चेनप्लेटपाशी ओल म्हटलं की मी ती पट्टी उतरवायलाच सांगतो.

एका वेळी एकच उतरवा, आणि तीही डोलकाठीला दुसऱ्या दोरांनी धरून, शेडमधल्या जाणत्या माणसाच्या देखत. डोलकाठी उतरवता आली तर उत्तमच. मग सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून बडोद्याला घेऊन या. या बाबतीत आपलं गाव भाग्यवान आहे. केमिकल कारखान्यांची भांडी बनवणारी वर्कशॉप इथं पुष्कळ आहेत आणि वेल्डिंगच्या सांध्यांची डीपी टेस्ट त्यांच्याकडे रोज चालते. पट्टीवर लाल रंग सोडतात, पुसतात, वर पांढरा फवारा मारतात. केसाएवढी भेग असली तरी लाल रेघ उमटते. रेघ उमटली तर पट्टी नवीच करा, घासून पुन्हा वापरू नका.

काळं पडलेलं प्लायवूड स्क्रूड्रायव्हरनं रुतत नाही, हे चांगलं लक्षण. तरी बोल्टच्या भोकांच्या आतून पाहा. प्लायवूड आधी कापलेल्या कडेतून सडतं.

गाद्यांचा फोम दोनदा गोड्या पाण्यात बुडवून पिळा आणि उन्हात कडकडीत वाळवा. त्यात पूर्वीचं खारं पाणी मुरलेलं असेल तर मीठ हवेतली ओल खेचत राहतं आणि गळती नसतानाही गादी दमटच लागते.

सगळं बसवून बोट पाण्यात उतरली की एक शेवटची परीक्षा घ्या. जमिनीवर तारा सैल असतात. ताण आल्यावर चेनप्लेट किंचित हलते, आणि काही गळत्या फक्त तेव्हाच उघडतात. डाव्या खणात वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा, शीड चढवा, वारा डाव्या बाजूनं घेऊन तासभर चालवा आणि मधूनमधून एक जण पट्टीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतत राहू द्या. परत आल्यावर कागद कसा निघाला ते मला कळवा.